बसऱ्याला गेला

पितृपक्ष लागला की माझा प्रिंटर झोपतो. गणपतीत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मंडळांची कार्यक्रमपत्रकं, आरत्यांच्या पुस्तिका, महाप्रसादाची आमंत्रणं, सगळं आम्हीच छापतो. अनंत चतुर्दशीनंतर मात्र चिडीचूप. पंधरा दिवस लग्नपत्रिका नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं डीटीपीचं दुकान आहे, त्याला आता सव्वीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत या पंधरवड्यात शुभकार्याची पत्रिका करायला कोणी आलेलं मला आठवत नाही.

वासांचा पंधरवडा मात्र खरा हाच. सकाळी अकराच्या सुमारास सोसायटीच्या जिन्यात उभं राहावं. पहिल्या मजल्यावर खीर, दुसऱ्यावर अळूवड्या, तिसऱ्यावर कारलं आणि आमसुलाची चटणी. पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपांवर कावळे बसलेले असतात, चांगले गुबगुबीत. वर गच्चीतून कोणीतरी माणूस काव काव करत असतो. एरवी बँकेत मॅनेजर असतो तो, पण त्या वेळी त्याचा आवाज अगदी केविलवाणा होतो. मला हे बघायला फार आवडतं. कावळा कुणाच्या पानाला आधी शिवतो, कुणाला ताटकळत ठेवतो, आणि ताटकळलेली माणसं मग काय काय कबूल करतात, हे मी दुकानाच्या पायरीवरून कान टवकारून ऐकते. भोचक आहे मी. कबूल.

यंदा पुन्हा तो पंधरवडा आला आणि परवा सकाळी माझा चष्मा सापडेना. टेबल झालं, ड्रॉवर झाला, कागदांच्या रिमांखाली झालं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "गेला बसऱ्याला." आणि मी थबकलेच. हे बोलणं माझं नाही. ते दोन वर्षांपूर्वीच्या पितृपक्षातलं आहे, आणि ज्यांचं आहे त्यांच्या घरात आता ते कोणी बोलत नाही.

त्या वर्षी भाद्रपदात उन्हं लवकर तापलेली. एमआयडीसीकडून वारा आला की घशात खवखवायचं आणि नाक्यावरच्या फुलवालीकडची तगर दुपारपर्यंत कोमेजायची. अशा एका रिकाम्या सकाळी ठाण्याहून आपटे सरांचा फोन आला. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. नौपाड्यात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत, त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी मिळून एक लहानसं संग्रहालय मांडलंय. जुनी मापं, तांब्याची भांडी, मिठागरातली अवजारं, पत्रं असं काय काय. त्यांना एक वही मिळालेली. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातून हमाल, पाणके, खलाशी म्हणून परदेशी नेलेल्या माणसांची कुणा कारकुनाने केलेली नोंद, आणि त्यातली परत न आलेली साठेक नावं. सरांच्या मनात होतं की सर्वपित्रीच्या आधीच्या रविवारी संग्रहालयात एक जाहीर स्मरणसभा घ्यावी. भाषणं कमी. नावं एकेक करून मोठ्याने वाचायची, बस्स. वही इंग्रजीत होती. देवनागरीत यादी करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. रिकामी बसलेली मी, लगेच हो म्हटलं.

नावांच्या बाबतीत मला फार गर्व होता, तो सांगून टाकते. सव्वीस वर्षं पत्रिका छापते मी. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून चुकत नाही. पण त्या वहीच्या झेरॉक्सनी माझी दमछाक केली. इंग्रजी लिपीत बाळा आणि बाला एकच. पदू, पडू, पाडू एकच. आडनाव नाही, फक्त स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव. मी एकेक नाव तोंडात घोळवून बघायचे, गावाशी जोडून बघायचे. धोंडू आला, भिकू आला, दगडू तर तीन आले. आणि एका ओळीत शाई फुटलेली. दोन ओ, पुढे के, ए, आर आणि डीसारखं काहीतरी. बापाचं नाव मात्र स्वच्छ, पोशा. दहा मिनिटं भिंगातून बघितलं आणि मग मी ठोकून दिलं, ओंकार. डोंबिवलीत दगड भिरकावला तर ओंकारला लागेल. मी स्वतःच शेकड्याने ओंकार छापलेत. बोटं आपोआप त्याच कळांवर गेली असणार. ओंकार पोशा. वाचायला किती छान वाटलेलं, ते आठवून आता कानाची पाळी गरम होते.

यादी सरांकडे देण्याआधी एक प्रत मी दुकानाच्या काचेवर लावलेली. सरांचीच सूचना होती ती. आपल्या गावचं, आपल्या घरचं कोणी दिसलं तर सांगा, असं वर लिहिलेलं. दोन दिवस लोक नुसते वाचून जात होते. एकाने विचारलं, ही लॉटरी आहे का.

तिसऱ्या दिवशी चांगुणामावशी आल्या. मावशी इथल्याच, मूळच्या आगरी गावातल्या. त्यांच्या सासरचं पूर्वी खाडीकाठी मिठागरात काम, मागे भातशेती. आता त्या जागी सात मजली इमारत उभी आहे, तिला त्यांच्या सासूचं नाव आहे आणि मावशी पहिल्या मजल्यावर राहतात, कारण लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात सोन्याच्या पाटल्या, बोलणं खणखणीत. घरातल्या सगळ्या हळदींच्या पत्रिका माझ्याकडून करून घेतात. त्यांच्या घरात काहीही हरवलं की ते बसऱ्याला जायचं. किल्ली बसऱ्याला, चप्पल बसऱ्याला, नातवाचा मोबाइल बसऱ्याला. मला वाटायचं, असेल काहीतरी आगरी बोलीतलं. कधी विचारलं नव्हतं. भोचकपणा नेमका तिथेच कमी पडला.

मावशींनी काचेवरची यादी बोट लावून वाचली. दुसरी शिकलेल्या, पण वाचतात नीट. एका ओळीवर बोट थांबलं. गाव त्यांचं. बापाचं नाव पोशा, म्हणजे त्यांच्या आजेसासऱ्यांचे वडील. मग आत येऊन त्यांनी मला विचारलं, "बाय, हा ओंकार कोन? आमचे घरान ओंकार कोनी नव्हता."

मी म्हटलं, मग पोशांच्या मुलांची नावं काय होती. त्या गप्प. माझ्या आजेसासऱ्यांचा मोठा भाऊ युद्धावर गेलेला, एवढं सांगून पुन्हा गप्प. नाव सांगा ना, मी म्हटलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मोठ्या दिराचं, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव तर उखाण्याशिवाय नाहीच. पंचाहत्तर वर्षांची बाई, स्वतःच्या नावावर इमारतीत तीन फ्लॅट, आणि शंभर वर्षांपूर्वी बोटीत बसून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लाजत होती.

मग आमचा खेळ सुरू झाला. त्या हाताने खुणा करायच्या आणि मी ओळखायचं. त्यांनी दुकानातल्या केराच्या डब्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, केरू? मान नाही म्हणाली. कचरू? नाही. त्यांनी हात पसरून मोठा ढीग दाखवला, मग गोठा दाखवला, शेण उचलून टाकल्यासारखं केलं. मी म्हटलं, "उकिरडा?"

मावशींनी डोळे मिटून मान हलवली. मी झेरॉक्स काढून बघितली. दोन ओ, के, ए, आर, डी. शाईच्या डागात शेवटचा ए सुद्धा आता दिसायला लागला. लाज वाटली, आणि त्याहून जास्त नवल वाटलं.

मग चहा मागवला आणि त्यांनी सगळं सांगितलं. पोशांच्या बायकोची तीन मुलं एकामागून एक पाळण्यातच गेलेली. चौथा झाला तेव्हा सुईणीने त्याला न्हाऊ न घालताच उकिरड्यावर नेऊन ठेवला, आणि मग आईने सूपभर तांदूळ देऊन तिच्याकडून परत घेतला. नाव उकिरडा. मरण दारात आलं आणि नाव विचारलं, तर त्याला शिसारी येऊन ते पुढच्या घरी जावं म्हणून. आणि गेलं की ते पुढच्या घरी. पोरगा वाढला, मिठागरात फळीने मीठ ओढायला लागला, त्याच्या पाठीवर दुसराही भाऊ जगला. मग मुकादम आला आणि तरणी पोरं बोटीवर घेऊन गेला. कुठे, तर बसऱ्याला.

इराककडचं बसरा हो. मी तोंडात बोट घालायचीच बाकी होते. इतकी वर्षं त्या घरातल्या किल्ल्या, चपला, चष्मे जात होते ते त्या बसऱ्याला.

तो आला नाही. सरकारकडून काही कळलं, नाही कळलं, कोणाला वाचता येत होतं तेव्हा. पहिल्या सर्वपित्रीला गावातल्या लोकांनी म्हटलं, त्याचं पान वाढा. आई म्हणाली, वाढायचं नाही. मरणाला माझ्या पोराचं नाव घेववत नाही, ते त्याला कसं नेईल? तो बसऱ्याला गेलाय, येईल. मरताना तिने हेच आपल्या सुनेला सांगितलं. त्या सुनेने तिच्या सुनेला. आणि तिने चांगुणामावशींना. तिघी सुना. तिघींनी तो माणूस पाहिलेला नाही, तिघींनी त्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. त्याच्याविषयी बोलायचं झालं तर बसऱ्यावाले म्हणायचं. दर सर्वपित्रीला सगळ्या पितरांची पानं मांडायची आणि त्यांचं तेवढं मांडायचं नाही. शंभर वर्षं त्या घरात त्यांना जिवंत ठेवण्याचं काम सुनांकडे होतं, आणि घरातल्या पुरुषांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी आपलं उत्साहाने म्हटलं, मावशी, आता बघा, चूक दुरुस्त करते, सभेत त्यांचं खरं नाव वाचलं जाईल. मावशींनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघून माझा उत्साह विरला. त्यांना ते हवं होतं की नको होतं, तेच त्यांना कळत नव्हतं. मेलेल्यांच्या यादीत नाव चारचौघांत वाचलं गेलं, की सासूने सांगितलेलं मोडलं. आणि नाही वाचलं तर? मुलगा बिल्डर, नातू पुण्याला, सून चांगली आहे पण बँकेत नोकरीला, तिला हे काय सांगायचं. मावशी गेल्या की त्यांची वाट बघणारं कोणी उरणार नाही आणि त्यांना पान वाढणारंही कोणी नाही. "मंग तो कुठं जायचा?" मावशी म्हणाल्या. "ना जित्यान, ना मेल्यान."

मी एवढंच म्हटलं की यादीतली ती ओळ मी कोरी ठेवते. शनिवारपर्यंत सांगा. नाही म्हणालात तर कोरीच राहील.

त्या चार दिवसांत मी फार विचार करायचे त्या माणसाचा. दुकान रिकामं, डोकंही रिकामं. बोटीत त्याला ओकारी झाली असेल का? खाडीत वाढलेला तो, पण समुद्र वेगळा. तिथल्या खजुराच्या बागा बघून त्याला काय वाटलं असेल? आणि सकाळी हजेरी घेणारा साहेब रोज त्याला काय म्हणून हाक मारत होता, हे त्या साहेबाला ठाऊक होतं का? साहेब रोज मोठ्याने उकिरडा उकिरडा ओरडतोय आणि आपली चार गावची पोरं रांगेत उभी राहून हसू दाबतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. एक गोष्ट मात्र नक्की होती. कारकुनाने ते नाव कुठल्या कागदावरून उतरवलेलं नव्हतं. त्याने विचारलं आणि या मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं त्याने लिहिलं. मी भिंगातून बघत होते तो त्याचा आवाज होता आणि मी त्याच्यावर ओंकार छापून मोकळी झालेली.

आपटे सरांना फोन केला तर ते वेगळ्याच अडचणीत. सर फार सज्जन. ते म्हणाले, अहो, असं नाव जाहीर सभेत कसं वाचायचं, लोक हसतील, त्या बिचाऱ्याचा अपमान होईल. आपण यू. पोशा असं लिहू या का? मला हसू आवरेना. नौपाड्यातल्या सगळ्या प्रश्नांवर इनिशियल हा तोडगा असतो. मी त्यांना माझ्या मामाची गोष्ट सांगितली. रत्नागिरीकडचा आमचा धोंडूमामा नोकरीत लागल्यावर गॅझेटमध्ये जाहिरात देऊन धनंजय झाला. पण शेवटच्या आजारपणात त्याला धनंजय म्हणून हाक मारली तर तो डोळे उघडायचा नाही. आईने धोंडू म्हटलं की ओ द्यायचा. सर म्हणाले, "मावशींनी हो म्हटलं, तर पूर्ण नाव वाचू."

शनिवारी संध्याकाळी मावशींचा निरोप आला. नाव छापू दे. पण वाचायचं मी.

रविवारी मी सकाळी लवकरच ठाण्याला गेलेले. रिक्षा वाचनालयापाशी सोडली तर खाली पाट्या, वर खुर्च्यांची ओढाताण. दोन खोल्यांमधलं लाकडी पार्टिशन काढून एक खोली केलेली. कोपऱ्यात मिठागरातली फळी, तिच्या दांड्यावर अजून मिठाची पांढरी रेघ. साठ-सत्तर माणसं आली. निवृत्त फौजी होते, कॉलेजची मुलं होती, नुसतेच रविवारचे मोकळे लोक होते. मधोमध तांब्याच्या घंगाळात पाणी. प्रत्येक नावाची एक चिठ्ठी आणि एक तगरीचं फूल. ज्याच्या हाती चिठ्ठी येईल त्याने पुढे येऊन नाव वाचायचं आणि फूल पाण्यात सोडायचं. धर्माचं काही नको, असं सरांनी मुद्दाम ठरवलेलं. तरी घंगाळ आणि पाणी बघून सगळ्यांचे हात आपोआप जोडले जात होते.

नावं सुरू झाली. दगडू, भिकू, नामा, जोमा. कॉलेजच्या एका मुलीला धोंडू वाचताना किंचित हसू आलं, मग तिची तिलाच लाज वाटली. एक फौजी नाव वाचून सॅल्यूट करून गेले. माझं सगळं लक्ष तिसऱ्या रांगेत. मावशी हिरव्या लुगड्यात, शेजारी त्यांची बँकवाली सून. चिठ्ठी मुठीत घट्ट. पाळी आली तेव्हा सून हळूच म्हणाली, आई, मी वाचते. मावशींनी मान हलवली.

त्या पुढे गेल्या. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, घरात वडीलधारं माणूस आल्यावर ओढतात तसा. चिठ्ठी उघडलीच नाही. क्षणभर वाटलं, जमणार नाही त्यांना. मग त्यांनी हाक मारली. वाचलं नाही हो, हाक मारली, मिठागरात लांबच्या बांधावर असलेल्या माणसाला मारतात तशी लांबवून.

"उकिरड्या रंऽऽ"

खोलीत कोणी हसलं नाही. मावशी फूल हातात धरून दाराकडे बघत उभ्या राहिल्या. हाक मारली की माणूस ओ देईपर्यंत थांबायचं असतं, त्या थांबल्या. सरांना वाटलं विसरल्या, ते पुढे होत होते, मी त्यांचा शर्ट धरून मागे ओढलं. पंखा तेवढा फिरत होता. खालून रिक्षाचा हॉर्न आला. इतके सगळे आम्ही, आणि खरं सांगते, सगळेच दाराकडे बघत होतो. मी तर बघतच होते. कोणीतरी येईल असं मला दोन क्षण खरंच वाटलं.

मग मावशी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नाय आला." आणि फूल पाण्यात सोडलं.

जिन्यावर त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरल्या. सून पुढे गाडी बघायला गेलेली. मावशी म्हणाल्या की आता कोणी बोलायला नको, चौघांसमोर हाक मारली, ओ आला नाही. सासूला तोंड दाखवता येईल. एवढं बोलल्यावर त्या जिन्यातच बसल्या आणि रडल्या, आणि मीही त्यांच्या शेजारी बसून रडले. ज्याला आम्ही दोघींनी पाहिलेलं नाही त्याच्यासाठी. खालून वर येणारे लोक आमच्या कडेने वाट काढत जात होते.

सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलेलं. गच्चीत पानांची रांग, आणि टोकाला एक नवं पान. त्यावर तांदळाच्या भाकरीबरोबर सुका जवळा होता, मिठागरात डब्याला न्यायचे तोच. बाकीची पानं कावळ्यांनी फस्त केली. या पानाला मात्र शिवेनात. नातू वैतागला, मुलगा मोबाइलकडे बघायला लागला. मावशी शांत. त्या म्हणाल्या, पहिल्यांदा जेवायला आलेत, इतकी माणसं बघून बुजले असतील. त्यांनी सगळ्यांना खाली पिटाळलं. तासाभराने वर जाऊन बघितलं तर पान स्वच्छ.

ती वही अजून नौपाड्यात आहे, काचेच्या पेटीत. मी ठाण्याला गेले की डोकावते. त्या ओळीतले दोन ओ बघते. साहेबाने हजेरी घेतली तेव्हा त्याने दिलेला ओ तिथे आहे, असं मला उगाचच वाटतं. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, हा इतिहास नव्हे. नसेल.

काल मावशींच्या घरी गेलेले. तुळशीच्या लग्नानंतरच्या हळदीची पत्रिका करायची आहे, पंधरवडा संपल्यावर कागद निवडायचा. सून कपाटाची किल्ली शोधत होती. उशीखाली बघितलं, फ्रीजवर बघितलं, देवघरात बघितलं. मी मनातल्या मनात ते शब्द येण्याची वाट बघत होते. सूनही बघत असावी, कारण तिने एकदा वळून मावशींकडे पाहिलं.

मावशींनी भाजी निवडता निवडता वर पाहिलं आणि म्हणाल्या, "हरवली आसंल. नीट बग."